बोलायचे कोणी?

शाळेत मुकाट बसणाऱ्या मुलीला सगळे शहाणी मुलगी म्हणतात. कॉलेजात तिला काय म्हणतात, हे मला पहिले वर्ष संपेपर्यंत नीटसे कळले नव्हते. ‘शाय’ असा एक शब्द कानावर आला होता. पण तो उच्चारणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ती तक्रार आहे की कौतुक, याचा अंदाज येत नव्हता. आमच्या आजीच्या मनात याविषयी काही गोंधळ नव्हता. “पोरीच्या जातीनं लय बोलू नाई,” हे तिचे वाक्य मी पाढ्यांच्याही आधी शिकले. बारावीपर्यंत त्या वाक्याने मला कधी दगा दिला नाही. उलट दरवर्षी ‘वर्तणूक उत्तम’ असा शेरा मिळवून दिला.

वाचकहो, लाजाळू माणूस या जगात तगतो कसा, याचे रहस्य अगदी सोपे आहे. त्याच्या वतीने बोलणारे कोणीतरी असते. रेशनच्या दुकानात माय बोलायची, दवाखान्यात काकू बोलायची, एस.टी.त कंडक्टरशी दादा बोलायचा. शाळेत तर गुरुजींना आमचे घर, आमची गाय, कपाशीवर पडलेली बोंडअळी, सगळेच ठाऊक. प्रश्न तेच विचारायचे आणि उत्तरही बहुधा तेच देऊन टाकायचे.

आमचे गाव करंजी-वणी रस्त्यापासून थोडे आत आहे. तीन एकर कोरडवाहू शेती, त्यात कपाशी आणि मधून तुरीच्या ओळी. बाबा चौथी शिकले, माय सही करते. दादाने दहावीनंतर शाळा सोडली. तो हंगामात वणीला एका जिनिंगमध्ये कामाला जातो. कॉलेजची पायरी आमच्या घरात याआधी कोणी चढलेले नव्हते. चढलेला म्हणाल तर दादाच एकदा चढला होता, पण तो भिंतींना रंग द्यायला.

प्रवेशाच्या दिवशी दादा कामाचा खाडा करून बरोबर आला. फाटकापर्यंत तो नेहमीसारखा माझ्यापुढे चालत होता. आत गेल्यावर माहितीपत्रक हातात पडले आणि पाचच मिनिटांत तो माझ्या मागे चालू लागला. मेजर विषय कोणता, मायनर कोणता, ओपन इलेक्टिव्ह काय घेणार, असे विचारण्यात आले. दादाने माझ्याकडे पाहिले, मी दादाकडे पाहिले. शेवटी रांगेत आमच्या पुढच्या मुलीने जे घेतले तेच आम्ही घेतले. मराठी हा माझा मेजर विषय झाला तो असा. (ती मुलगी पुढे माझी मैत्रीण झाली. तिनेही तिच्या पुढच्या मुलीचे पाहून घेतले होते, हे तिने मला दिवाळीत सांगितले.) परतताना दादा म्हणाला, “आता पुढचं तूच पाह्य. मले यातलं काई समजत नाई.”

घरी ‘क्रेडिट’ या शब्दाने मोठा घोटाळा केला. आमच्याकडे क्रेडिट म्हणजे उधारी. कृषी केंद्रातून बियाणे आणि खत क्रेडिटवर येते आणि दिवाळीनंतर कापूस विकून ते फेडावे लागते. त्यात माझ्या नावाने क्रेडिटची बँक उघडायची आहे, हे ऐकून बाबा जेवता जेवता थांबले. “उधारीवर शिकवतेत काय व तुमच्या कॉलेजात?” ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स म्हणजे शिकलेल्या तासांचा हिशेब ठेवणारी सरकारी वही, पंधरा तासांच्या शिकवणीचे साधारण एक क्रेडिट धरतात, त्यात पैशाचा संबंध नाही, असे मी त्यांना समजावून सांगितले. बाबांनी सगळे ऐकून घेतले. दोन दिवसांनी मात्र त्यांनी हळूच विचारलेच, “फेडाचं काई नाई ना?”

वर्गात मी भिंतीकडच्या रांगेत शेवटून दुसरा बाक धरला. शेवटचा बाक मुद्दाम टाळला, कारण तिथे कोण बसते याकडे सरांचे लक्ष असते. शेवटून दुसऱ्या बाकाकडे कोणाचेच नसते. दिवसभरात मला दोनच शब्द बोलावे लागत, ‘यस सर’. माझा नंबर यायच्या तीन नंबर आधीपासून ते मी मनात घोळवत असे, आणि म्हणून झाले की पेपर देऊन आल्यासारखी मोकळी होत असे.

दुसऱ्याच आठवड्यात एका तासाला हजेरीपट कार्यालयातच राहिला. “कोण आणतं?” असे सरांनी विचारले. न जाणो कुठून धीर आला, मी उठून म्हणाले, “मी आणतो, सर.” पुढच्या दोन बाकांवर हशा पिकला. शेजारची कानात म्हणाली, “आणते म्हण.” आमच्याकडे माय, आजी, मावशी, सगळ्या बायका ‘मी येतो, मी जातो’ असेच म्हणतात. त्यामुळे कोणाचे बाईपण कमी झालेले मी तरी पाहिलेले नाही. पण त्या दिवसापासून माझे प्रत्येक वाक्य तोंडाबाहेर पडण्यापूर्वी तपासणी नाक्यावर थांबू लागले. ‘मले’चे ‘मला’ करायचे, ‘काऊन’चे ‘का’ करायचे, ‘करतो’चे ‘करते’ करायचे. आणि हे सगळे होईपर्यंत सरांचा प्रश्न पुढच्या बाकावर गेलेला असायचा. लाजाळूपणाचा निम्मा हिस्सा म्हणजे हा भाषांतराचा उशीर, असे माझे मत आहे. उरलेल्या निम्म्याबद्दल पुढे लिहितेच.

आमच्या विद्यापीठाला संत गाडगे बाबांचे नाव आहे. १९८३ साली १ मे रोजी अमरावती विद्यापीठ सुरू झाले. पुढे त्याला बाबांचे नाव देण्यात आले. ज्यांच्या नावाची पदवी आम्हाला मिळायची आहे, ते स्वतः शाळेत शिकलेले नव्हते. १८७६ साली शेंडगावी एका परिटाच्या घरी जन्मले, मामाकडे गुरे राखली, शेती केली, आणि पुढे हजारो लोकांपुढे वऱ्हाडीत कीर्तने केली. त्यांच्या कीर्तनाची पद्धतच अशी, की स्वतः सांगायचे कमी आणि लोकांना विचारायचे जास्त. उत्तर समोरच्यांकडून वदवून घ्यायचे. त्या गर्दीत माझ्यासारखी मान खाली घालून बसलेली एखादी बाई असलीच, तर तिलाही शेवटी हो किंवा नाही म्हणावेच लागले असेल. आमच्या गुणपत्रिकेच्या माथ्यावर त्यांचे नाव आणि वर्गात त्यांच्या बोलीला हशा, ही गंमत मला वर्षभर कोणाला सांगता आली नाही. म्हणून इथे लिहिते.

बारावीपर्यंत मुलींना एस.टी.चा पास फुकट असतो. कॉलेजात आले की भाड्याच्या एक तृतीयांश पैसे भरून पास काढावा लागतो. रक्कम मोठी नाही, पण ती दर महिन्याला घरी मागावी लागते, आणि मागणे म्हणजेही बोलणेच. तास दोनला संपत आणि आमच्या बाजूची गाडी साडेचारला. मधला वेळ मुली घोळक्याने बसस्थानकावर काढत. मी ग्रंथालयात जाऊ लागले. अभ्यासाच्या ओढीने गेले असे सांगितले तर सर खूश होतील, पण खरे कारण वेगळे आहे. तिथे ‘शांतता राखा’ अशी पाटी होती. माझ्या स्वभावाला कायद्याचे संरक्षण देणारी सबंध कॉलेजातली तेवढीच एक जागा.

तिथे मी गांधीजींचे ‘सत्याचे प्रयोग’ वाचले. सेवाग्राम आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात. शाळेची सहल गेली होती तेव्हा बापूकुटी पाहिली होती, पण तिथे राहणारा माणूस एके काळी माझ्यासारखा होता, हे सहलीत कोणी सांगितले नव्हते. १८८८ साली गांधीजी भावनगरच्या सामळदास कॉलेजात दाखल झाले. शिकवणारे चांगले होते, पण यांना काही उमजेना, गोडी लागेना. पहिले सत्र संपले तसे घरी आले, ते परत गेलेच नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरात विलायतेला निघाले. वय अठरा. निघण्यापूर्वी शाळेतल्या सोबत्यांनी निरोप समारंभ केला; उत्तरादाखल चार शब्द लिहून नेले होते, तेही धड वाचता आले नाहीत. विलायतेत व्हेंटनर नावाच्या गावी शाकाहारावर बोलायचे होते. भाषण कागदावर लिहून नेले, उभे राहिले, आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन अंग कापू लागले. शेवटी बरोबरच्या मजुमदारांनी ते वाचून दाखवले. बॅरिस्टर होऊन मुंबईला आले, मामीबाईंचा खटला घेतला, फी ३० रुपये. उलटतपासणीला उभे राहिले तर विचारायला एक प्रश्न सुचेना. खाली बसले आणि अशिलाच्या माणसाला पटेल वकिलांकडे जायला सांगितले. पटेलांची फी ५१ रुपये. हे वाचताना मी एकटीच हसत होते आणि ग्रंथपाल सर चष्म्यावरून पाहत होते.

गांधीजींनी लाजाळूपणाला आपली ढाल म्हटले आहे. त्याच्यामुळे शब्द काटकसरीने वापरायला शिकलो, असे त्यांचे म्हणणे. इथे मात्र माझे त्यांच्याशी पुरते पटले नाही. ढाल परवडायला पाठीशी घर लागते. त्यांचे आजोबा दिवाण, वडील दिवाण. भावनगर जमेना तेव्हा विलायतेला पाठवा असे सुचवणारे घरोब्याचे मावजी दवे होते, पैशाची तजवीज करणारे थोरले बंधू होते, आणि व्हेंटनरला मजुमदार होते. भावनगरहून परत आलेला मुलगा विलायतेला जाऊ शकतो. मारेगावहून परत आलेल्या मुलीसाठी मामाने एक स्थळ पाहून ठेवले होते.

मजुमदारांची किंमत मला शिष्यवृत्तीच्या अर्जाने कळवली. महाडीबीटीवर अर्ज भरला होता. डिसेंबरात निरोप आला, की अर्जात त्रुटी असल्याने तो परत पाठवला आहे. त्रुटी ही, की माझ्या शाळेच्या दाखल्यावर बाबांच्या नावापुढे ‘राव’ होते आणि उत्पन्नाच्या दाखल्यावर नव्हते. गुरुजींनी मानाने लिहिलेल्या त्या ‘राव’मुळे संगणकाच्या लेखी माझे वडील दोन माणसे झाले. आता काय करायचे, हे विचारायला मी एका खिडकीपुढे चार वेळा जाऊन उभी राहिले. कोणत्या कार्यालयाची खिडकी, ते सांगत नाही; सगळ्या खिडक्या सारख्याच उंचीच्या असतात. चारही वेळा माझ्या मागच्या माणसाने डोक्यावरून हात घालून आपला कागद आत सरकवला आणि मी बाजूला झाले. एकदा आतून “उद्या या” असे ऐकू आले, पण ते मला की त्याला, हेही विचारता आले नाही. शेवटची तारीख आठवड्यावर आली.

त्या वर्षी परतीच्या पावसात पहिला वेचा भिजला होता. जे पैसे आले ते कृषी केंद्रात गेले. मामा भाऊबीजेला येऊन स्थळाचे बोलून गेला होता. बाबांनी त्याला एवढेच सांगितले, “शिष्यवृत्ती आली त शिकन थे.” नाही आली तर काय, हे बाबांनी सांगितले नाही आणि मामाने विचारले नाही. आमच्या घरात न बोललेली वाक्ये सर्वांना बरोबर समजतात.

जिनिंगचा हंगाम भरात होता. दादाने खाडा केला असता तर काम गेले असते. तेव्हा बाबा म्हणाले, “मी येतो.” वेचणी सोडून, धुतलेला सदरा घालून ते माझ्याबरोबर आले. माझे बाबा या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावरच्या माणसाला हाक मारतात तेव्हा नाल्यापलीकडची रानडुकरे पळतात. त्या दिवशी खिडकीपुढे उभे राहून त्यांनी टोपी काढून हातात धरली आणि म्हणाले, “साहेब.” तो आवाज मी घरी कधी ऐकलेला नव्हता.

“काय काम आहे?”

“पोरीचं काम होतं.”

“कसलं काम?”

बाबांनी वळून माझ्याकडे पाहिले.

ते पाहणे मी ओळखले. माझा रोल नंबर जवळ येऊ लागला की माझा चेहरा जसा होत असेल, तसा तो होता. इतके दिवस मी समजत होते की लाजाळूपणा माझ्या एकटीचा आहे, तो स्वभाव आहे, कोणाचे डोळे घारे असतात तसा. तो वडिलोपार्जित निघाला. सात-बारावर चढत नाही एवढेच. लाजाळूपणाचा उरलेला निम्मा हिस्सा म्हणजे हा.

मी बोलले. भाषांतराला वेळ नव्हता, म्हणून जसे आले तसे बोलले. “सर, शाळेच्या दाखल्यावर बाबाच्या नावात राव आहे, उत्पन्नाच्या दाखल्यावर नाई. दोन्ही नावं एकाच मानसाची होय. हा मानूस समोर उभा आहे, पाहून घ्या. काय लिहून द्या लागते ते सांगा, मी आताच लिहून देतो.”

आतल्या माणसाने खरोखरच बाबांना पाहून घेतले. मग म्हणाला, “दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं शपथपत्र जोडा. नमुना समोरच्या दुकानात मिळतो.” चार खेपांत न मिळालेले उत्तर इतके लहान होते. कोणी हसले नाही. ‘देतो’चे ‘देते’ कर, असेही कोणी सांगितले नाही.

बाहेर येऊन बाबांनी टोपी घातली. बसस्थानकासमोर आम्ही चहा घेतला. मी बोलले, याविषयी ते काहीच बोलले नाहीत. अर्धा कप झाल्यावर विचारले, “राव कोनं लावलं होतं व?”

“शाळेतल्या गुरुजीनं.”

“चांगला मानूस होता.”

पुढे आत्मकथेत वाचले, की गांधीजींचे पहिले जाहीर भाषण १८९३ साली प्रिटोरियाला झाले, तिथल्या हिंदी लोकांची हलाखी त्यांच्यापुढे मांडण्यासाठी बोलावलेल्या सभेत. त्या वेळी ते कोणाकडून वाचून घ्यावे लागले नाही, हे मी मुद्दाम दोनदा पाहून घेतले.

शिष्यवृत्ती आली, जरा उशिरा आली. पण मी एकाएकी बोलकी झाले, असे कोणी समजू नये. दुसऱ्या दिवशी वर्गात ‘यस सर’ पूर्वीइतकेच हळू निघाले, आणि सरांनी पूर्वीसारखेच “कोण?” म्हणून विचारले.

जानेवारीत राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर होते. ही योजना १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात सुरू झाली, हे उद्घाटनाच्या भाषणात ऐकले आणि बापू काही माझा पिच्छा सोडत नाहीत, असे वाटले. शिबिराच्या गावाजवळ कोलामांचा पोड होता. कोलाम हे आमच्या भागातले जुने रहिवासी. त्यांची कोलामी बोली तेलुगू-गोंडीच्या गोतातली आहे, मराठीच्या नव्हे. एका दुपारी छापील कागद घेऊन आम्ही सर्वेक्षणाला गेलो. आमच्या गटप्रमुखाने एका अंगणात उभे राहून विचारले, “आपल्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न किती?” बांबूची टोपली विणणाऱ्या बाईने मान खाली घातली. गटप्रमुखाने ‘माहिती नाही’ असे लिहिले आणि पुढचा प्रश्न विचारला. मान आणखी खाली गेली.

मला एकदम जाणवले की या खेपेला मी खिडकीच्या आत आहे.

गट पुढच्या घरी गेला, मी तिथेच बसले. धीटपणाने नव्हे, पुढच्या घरी प्रश्न विचारायची पाळी माझी होती. बाई विणत होती, मी बांबूच्या पट्ट्या एकेक करून तिच्या हाताशी देत होते. आश्रमशाळेतून संक्रांतीसाठी आलेली तिची मुलगी दाराआडून पाहत होती. आठवीतली असावी. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली आणि म्हणाली, “कॉलेजात लय बोला लागते काय?”

मी म्हणाले, “रोज नाई. एखाद्या दिवशी लागते.”

तिने हे आईला कोलामीत सांगितले. आई काहीतरी बोलली आणि हसली. “काय म्हनते?” मी विचारले. “माय म्हनते, ही पोरगी बोलतच नाई, हिले कॉलेजात कसं घेतलं.” त्यानंतर कागद भरायला वेळ लागला नाही. उत्पन्नाचा आकडा लिहिण्याआधी तिने मला पुढच्या टोपलीचा तळ धरायला लावला, आणि तो मला नीट धरता येईना म्हणून दोघी मायलेकी हसत राहिल्या.

यंदा मी पुढून चौथ्या बाकावर बसते. ‘आणतो’ म्हणते तेव्हा कोणी हसले तर मागे वळून पाहते. बहुतेक वेळा कोणी हसलेले नसते. प्रथम वर्षाच्या वर्गात भिंतीकडच्या रांगेत, शेवटून दुसऱ्या बाकावर यंदा बोटोणीकडची एक मुलगी बसते. तिला साडेचारच्या गाडीचे माहीत नव्हते, ते मी सांगितले. बाकी तिने अजून काही विचारलेले नाही.

शिष्यवृत्तीचा अर्ज यंदाही भरला. दोन्ही कागद आता सारखे आहेत. दाखल्यावरचा ‘राव’ काढून टाकणे सोपे पडेल, असे मला सुचवण्यात आले होते. मी उत्पन्नाच्या दाखल्यावर तो चढवून घेतला. अर्ज द्यायला निघाले त्या सकाळी बाबा डवरणीला जायच्या तयारीत होते. “मी येऊ काय?” त्यांनी विचारले. मी नको म्हणाले. बैलांना घेऊन ते निघाले आणि रस्त्याच्या वळणावरून साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, “सही लागली त सांगजो!”